आईने भिंत सोडली तेव्हा

आमच्या आईच्या खुब्याचं हाड मोडलं त्याला आता सहा वर्षं होतील. तेव्हापासून ओळखीत कुणाचं म्हातारं माणूस पडलं की मला फोन येतो. वॉकर कुठे मिळतो, पाण्याची गादी कशी भरायची, पाठीला जखम होऊ नये म्हणून काय लावायचं, हे सगळं मी तोंडपाठ सांगतो. पलीकडून म्हणतात, "तुम्हाला बरीच माहिती आहे हो!"

आहे. पण ती सगळी पडल्यानंतरची. पडण्याआधीची जी माहिती हवी होती ती माझ्याच घराच्या भिंतीवर लिहिलेली होती, आणि मी ती ओल्या फडक्याने पुसून काढली. हे फोनवर सांगायचं धाडस होत नाही, म्हणून लिहून ठेवतो आहे.

मी कोण, तर रत्नागिरीतल्या बांधकामाच्या एका कचेरीतला कारकून. कुणी रस्त्यावर घसरून पडला, कुणाचा पाय गटारात गेला, की त्याचा अर्ज माझ्या टेबलावर येतो. त्यावर 'योग्य त्या कार्यवाहीसाठी सादर' असा शेरा मारून मी तो पुढच्या टेबलावर सरकवतो. म्हणजे माणसं का पडतात या विषयातला मी तसा सरकारमान्य जाणकार. हे आधीच सांगितलेलं बरं. पुढे हसू आलं तर दाबू नका.

लाद्या

२००१ साली आमच्या मंजूचं, म्हणजे मुलीचं, लग्न ठरलं. मुलाकडची मंडळी पुण्याची. साखरपुडा आमच्या घरी करायचा होता, मे महिन्यात. भाट्याच्या खाडीच्या अंगाला चार खोल्यांचं आमचं घर, पुढे ओटी, मागे पडवी आणि पडवीच्या टोकाला न्हाणी. जमिनीला सगळीकडे सिमेंटचा कोबा, तीस वर्षांचा, खरखरीत, जागोजागी टवके गेलेला. तोपर्यंत मला त्याची कधी लाज वाटली नव्हती. पुण्याची मंडळी म्हटल्यावर एका दिवसात वाटायला लागली.

फेब्रुवारीत मी घरभर पांढऱ्या लाद्या बसवून घेतल्या. इतक्या चकचकीत की दाढी करताना आरशाची गरज नव्हती. भिंतींचा चुना खरवडून फिक्या पिवळ्या रंगाचं डिस्टेंपर दिलं. शेजारीपाजारी येऊन बघून गेले. मी प्रत्येकाला चपला बाहेर काढायला लावून घर दाखवलं.

आई चौऱ्याहत्तर वर्षांची होती. तिने सगळीकडे एक फेरी मारली आणि म्हणाली, "पांढरं स्वच्छ आहे हो. पण मेलं पायाला लागतच नाही."

"म्हणजे काय?"

"म्हणजे कोबा कसा पायाला सांगतो, हां, मी आहे इथे, टेक म्हणून. हे काहीच सांगत नाही."

मी हसलो. सगळ्यांना ते वाक्य सांगून हसवलंही. मला वाटलं, जुन्या माणसांना नवं पटत नाही, त्यातलाच प्रकार.

आता आईचा सकाळचा क्रम सांगतो, कारण सगळं त्यावर आहे. ती सकाळी न्हाणीत आंघोळ करी आणि ओलेत्यानेच, म्हणजे अंगावरचं लुगडं ओलं असतानाच, बाहेर येई. मग तुळशीला पाणी, मग पडवीतून, माजघरातून देवघरात दिवा. त्यानंतर कोरडं नेसणं. लग्न होऊन आली तेव्हापासून तिचा हा नेम. तिच्या मागे पाण्याची एक ओळ न्हाणीपासून देवापर्यंत उमटे. कोबा ते पाणी पिऊन टाकी. पाच मिनिटांत ओळ गायब. लाद्या काही पीत नव्हत्या. पाणी आहे तसं वर राही, आणि पांढऱ्यावर पाणी दिसतही नाही.

हे मला आज दिसतं. तेव्हा दुसरंच दिसलं.

डाग

मार्चमध्ये कधीतरी पडवीच्या भिंतीवर डाग दिसले. कमरेच्या उंचीला, हातभर अंतराने, एकापुढे एक. स्वयंपाकघराच्या दारापासून सुरू होऊन थेट न्हाणीपर्यंत. जवळ जाऊन पाहिलं तर तळव्याचे ठसे, तेलाचे, हळदीचे. आईचे.

"आई, भिंतीला हात लावू नकोस ना. डाग पडतात."

"बरं."

मी फडकं ओलं करून पुसले. आठवड्याने पुन्हा दिसले. तेव्हा मी जरा आवाज चढवला. तिसऱ्यांदा दिसले ते साखरपुड्याला दहा-बारा दिवस असताना. तेव्हा मी जे बोललो ते शब्दाला शब्द लिहितो. "पुण्याची माणसं येणार आहेत. त्यांना वाटेल, या घरात हात पुसायला फडकंसुद्धा नाही. लहान आहेस का तू भिंतीला हात पुसायला?"

"बरं," आई म्हणाली.

आईचं 'बरं' म्हणजे शेवटचा शब्द. वडिलांनाही ती असंच 'बरं' म्हणायची आणि मग ती गोष्ट आयुष्यात पुन्हा करायची नाही. डाग बंद झाले. मला वाटलं, जिंकलो.

तुमच्या घरी म्हातारं माणूस असेल तर हे वाचणं इथे थांबवा आणि उठून भिंती बघून या. दाराची चौकट, कपाटाची कड, फ्रीजचं हँडल, खुर्चीची पाठ. जिथे हात लागून लागून काळं झालं आहे, तिथे तुमचं माणूस तुम्हाला काहीतरी कळवतं आहे. मी कारकून माणूस, रोज अर्ज वाचतो. एकाच अर्जदाराचा एकाच विषयावर तीनदा अर्ज आला तर निदान विषय तरी वाचतात. मी विषय वाचला नाही. अक्षर खराब म्हणून अर्ज परत पाठवला.

ती सकाळ

साखरपुड्याला चार दिवस होते. मी ओटीवर पेपर वाचत होतो. मागून तांब्या पडल्याचा आवाज आला. घरात तांब्या रोज पडतो, म्हणून मी पेपरातून डोकं काढलं नाही. मग नलूची, माझ्या बायकोची, हाक आली. तिने मला नावाने हाक मारली. एरवी ती कधी मारत नाही.

आई पडवीत, न्हाणीच्या दारापासून चार पावलांवर उताणी पडली होती. ओलं लुगडं, मोकळे केस. उजवं पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं, जणू तो पाय दुसऱ्या कुणाचा होता. मी धावत जवळ गेलो तशी म्हणाली, "शिवू नको रे शऱ्या. सोवळ्यात आहे."

आणि मी थांबलो. खरंच थांबलो. एक्कावन्न वर्षांचा माणूस, हात पुढे केलेला, तसाच उभा.

"अहो, बघताय काय? धरा!" नलू ओरडली.

मग जे करू नये ते सगळं आम्ही केलं. काखेत हात घालून तिला ओढून उभं करायला गेलो. तेव्हा आई जी ओरडली तसा आवाज मी तिच्या तोंडून त्याआधी ऐकला नव्हता. मग रिक्षा बोलावली. मोडलेल्या खुब्याच्या बाईला आम्ही रिक्षात बसवून नेलं, दवाखान्यापर्यंतचा प्रत्येक खड्डा चुकवत. त्यातल्या निम्म्या खड्ड्यांचे अर्ज माझ्या टेबलावर होते.

पडलेल्या माणसाला लगेच उभं करू नका. पांघरूण घाला, फळीवर किंवा खाटेसकट आडवंच न्या. डॉक्टरांनी हे आम्हाला नंतर सांगितलं, चांगलं झाडून सांगितलं.

फोटो

डॉक्टर तरुण होते. त्यांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि म्हणाले, "हे बघा." मी बघितलं. मला काही दिसलं नाही, तरी मान हलवली, कचेरीत नकाशा दाखवला की हलवतो तशी. खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन करून सळी घालावी लागणार होती.

"याआधी कधी पडल्या होत्या का?"

"छे! आमची आई अजून घरचं सगळं करते," मी म्हणालो. "एकदाही नाही."

"तीनदा," स्ट्रेचरवरून आवाज आला.

मी वळलो. आई छताकडे बघत बोलत होती.

"एकदा तुळशीपाशी. एकदा न्हाणीत. एकदा माजघरात, हा कचेरीत गेला होता तेव्हा. पण तशी पडल्ये नाही. बसल्ये."

"बसलात म्हणजे?"

"म्हणजे उभी होत्ये ती बसल्ये."

डॉक्टरांना हसू आलं. "मग घरी का नाही सांगितलंत, आजी?"

"सांगितलं की हा डोंबिवलीला माझ्या थोरल्याला, दादाला कळवणार. दादा येऊन मला घेऊन जाणार. तिसऱ्या मजल्यावर. तिथे ना तूळस, ना न्हाणी. मी काय करू तिथे? गॅलरीतून खाली बघू?"

"बरं, पण मग चालत कशा होता इतके दिवस?"

"भिंतीला धरून."

"मग आज का नाही धरलीत?"

आईने मान वळवून माझ्याकडे बघितलं. मग डॉक्टरांकडे बघून म्हणाली, "राह्यलं."

डॉक्टरांनी ते लिहूनही घेतलं नाही. त्या खोलीत तो शब्द फक्त मला कळला होता.

खाटा

बायकांच्या त्या खोलीत पाच खाटा होत्या. आमच्या आईला आणल्यावर शेजारच्या खाटेवरच्या लांज्याच्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "तुम्ही कुठं पडलात?" एरवी नव्या माणसाला 'तुम्ही कुठल्या' विचारतात तसा. त्या मोरीत पडल्या होत्या. पलीकडच्या एक अंगणात शेवाळावरून. तिसऱ्या एक माळ्यावरचे काजू काढायला शिडीवर चढल्या होत्या, आणि त्या खोलीत त्यांचा मान सगळ्यांत मोठा होता.

सकाळी सहाला चहा, मग अंग पुसणं, मग डॉक्टरांची फेरी, मग दुपारभर पंखा आणि मे महिन्याचा घाम. वीज गेली की नलू आणि मी आळीपाळीने पुठ्ठ्याने वारा घालायचो. आईला भांडं द्यायचं असलं की ती मला बाहेर घालवायची. मी गेलो नाही तर तोंड भिंतीकडे फिरवून पडून राहायची, तासन् तास, अडवून धरून. मुलाच्या देखत ती वेळ येण्यापेक्षा तिला हाडाचं दुखणं परवडत होतं. आपलं माणूस आजारी पडलं की आपल्याला त्याच्या दुखण्याची भीती वाटते. त्याला त्याच्या लाजेची वाटते. हे मला त्या खोलीच्या दाराबाहेर उभं राहून कळलं.

त्यात एकच बरं झालं, ते म्हणजे हमीदा. ती तिथली आया. मिरकरवाड्याची, चाळिशीची, आवाज बंदरावर कमावलेला. दर दोन तासांनी येऊन आईला कुशीवर करायची. पहिल्या दिवशी ती खाटेपाशी येऊन जरा थांबली. आईच्या गळ्यातली तुळशीची माळ तिने बघितली असावी.

"आजी, मी हात लावला तर चालंल ना? नायतर सिस्टरला बोलवते."

आई म्हणाली, "अगो, माझं सोवळं हाडाबरोबरच मोडलं न्हाणीच्या दारात. आता तू आणखी काय मोडणार? फिरव."

त्या दोघींचं जमलं. हमीदाने एकदा लाद्यांची गोष्ट ऐकली आणि मला सुनावलं. "साहेब, आमच्याकडं बर्फाचा ट्रक लागतो ना, तिथं उतरायच्या जागी आधी भुसा टाकतात, नायतर वाळू. मच्छीवाल्याला कळतं, ओल्यावर माणूस घसरणार. तुम्ही तर बांधकामात ना?"

"कारकून आहे," मी म्हटलं.

"मग बरोबर," ती म्हणाली.

आई हसली. दुखत होतं तरी हसली.

साखरपुडा

साखरपुडा पुढे ढकलू, असं मंजू रडून सांगत होती. आईने खाटेवरून हुकूम सोडला की एक दिवसही पुढे जाता कामा नये. झाला. पुण्याची मंडळी आली. त्यांनी लाद्यांकडे बघितलंही नाही. त्यांच्या घरी असल्याच होत्या. मुलाच्या आईने फक्त इतकंच विचारलं, "आजी याच घरात पडल्या का?" आणि मग सबंध वेळ त्या माणसं चालतात तशा न चालता, बर्फावरून चालल्यासारख्या चालल्या.

संध्याकाळी मंजू साखरपुड्याच्या साडीतच दवाखान्यात आली. आईने तिच्याकडे वरून खाली बघितलं. मला वाटलं, आता साडीबद्दल काही बोलेल.

"टाचेच्या चपला काढ आधी," आई म्हणाली. "पडशील."

फोन

दादाचा, माझ्या थोरल्या भावाचा, डोंबिवलीहून रोज फोन यायचा. ऑपरेशन झालं त्या दिवशी त्याने विचारलं, "पण पडली कशी रे?"

मी म्हटलं, "पाणी होतं जमिनीवर."

"नलिनीला सांग, पुसून घेत जा म्हणावं. घरात म्हातारं माणूस आहे, एवढं कळू नये?"

नलू शेजारीच उभी होती. त्या जुन्या फोनमधून आवाज खोलीभर ऐकू यायचा. तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "हो, सांगतो."

त्यापुढे दोन दिवस ती माझ्याशी 'डबा भरलाय' यापलीकडे बोलली नाही. मी तो डबा घेऊन दवाखान्यात जात होतो आणि वाटेत स्वतःला समजावत होतो की आत्ता आईचं महत्त्वाचं, घरातलं नंतर बघू. आजारपणात भेकडपणाला फार चांगली जागा मिळते. सगळेच धावपळीत असतात, कुणाचं लक्ष जात नाही.

तिसऱ्या दिवशी नलू भाजी चिरत होती तेव्हा मी बोललो. "नलू, आई भिंतीला धरून चालायची. मी ओरडलो म्हणून तिने धरणं सोडलं."

"माहीत आहे," ती म्हणाली. विळीवरून मान वर केली नाही.

"कसं?"

"तुम्हाला डाग तीनदाच दिसले. ते रोज पडायचे. तुम्ही उठायच्या आत मी पुसून टाकायची. तुम्ही त्यांना बोलू नये म्हणून."

तिने चिरलेली भाजी पातेल्यात टाकली. मग तीच म्हणाली, "मी पुसले नसते आणि ते रोज दिसले असते, तर तुम्हाला कळलं असतं का हो?"

मी म्हटलं, "नाही. मी रोज ओरडलो असतो."

हे तिला बरं वाटावं म्हणून म्हटलं की खरं म्हणून, मला अजून ठरवता आलेलं नाही. त्याच दिवशी दादाला फोन करून सगळं खरं सांगितलं. तो म्हणाला, "शऱ्या, तू पाठवलेल्या घराच्या फोटोत लाद्या छान दिसत होत्या रे." आणि फोन ठेवला.

कोबा

घरी सोडायला दहा दिवस असताना डॉक्टर म्हणाले, "हाडाचं काम मी केलंय. चालवायचं काम तुमचं. दोन महिन्यांत चालल्या नाहीत, तर मग फार कठीण होतं. पडून राहणं हाच पुढचा आजार."

मी अंगात आल्यासारखा कामाला लागलो. आई घरी यायच्या आत न्हाणीपासून देवघरापर्यंतच्या लाद्या फोडून काढल्या आणि पुन्हा कोबा घातला. ओला असतानाच त्यावर दोरी दाबून रेघा पाडून घेतल्या, पाय धरावा म्हणून. गवंडी म्हणाला, "साहेब, चार महिन्यांपूर्वीच तर बसवल्या!" मी म्हटलं, "योग्य ती कार्यवाही चालू आहे." न्हाणीत लोखंडी पाइप ठोकला. बसायला खुर्ची ठेवली. पायपुसणी, सतरंज्या, दाराआडची दगडी जाती, वाटेतलं सगळं उचललं. पडवीत जास्त उजेडाचा दिवा लावला. सगळं मिळून नऊ दिवसांचं काम. फेब्रुवारीत लाद्यांना वीस दिवस लागले होते.

आईला आणलं तेव्हा तिने खाटेवरून मान उचलून जमिनीकडे बघितलं. "कोबा घातलास होय," एवढंच म्हणाली.

ती उठली नाही. म्हणजे उठवलं तर बसायची. पाय खाली सोडायची. वॉकर पुढे ठेवला की दोन्ही हातांनी तो असा आवळायची की नखं पांढरी पडायची, आणि मग तिचे पाय थरथरायला लागायचे, दोन्ही, मोडलेला आणि न मोडलेलाही. "नको रे. बसव मला."

"काही होणार नाही आई. मी आहे ना."

"तू तेव्हाही होतास," ती म्हणाली. टोमणा नव्हता. आठवण काढल्यासारखी म्हणाली.

जून गेला. जुलै चालला. खाटेपासून देवघर अकरा पावलांवर होतं. मी मोजली होती. रोज सकाळी नलू दिवा लावायची आणि आई पडल्या पडल्या हात जोडायची. मी कॅलेंडरवर दोन महिन्यांची तारीख आखून ठेवली होती आणि कचेरीत बसून ती जवळ येताना बघत होतो. माझ्या टेबलावरच्या कुठल्याही अर्जाला अशी तारीख नसते. तिथे काहीही कितीही दिवस राहू शकतं.

मी समजावलं, विनवलं, एकदा चिडलोसुद्धा. ज्या आवाजात डागांबद्दल बोललो होतो त्याच आवाजात मी तिला 'चाल' म्हणून ओरडलो. ती म्हणाली, "बरं." पण यावेळी तिच्या 'बरं'मध्ये काही उरलं नव्हतं.

तेल

तारखेला चार दिवस राहिले असताना एका दुपारी मी तिच्या पायाला खोबरेल चोळत होतो. पायाला मांस म्हणून राहिलं नव्हतं. बाहेर पाऊस लागला होता.

मी म्हटलं, "आई, वॉकर राहू दे. तो परका वाटत असेल. तू आपली पूर्वीसारखी भिंतीला धरून चाल. मी मागे उभा राहतो."

आईने भिंतीकडे बघितलं. मग हळू आवाजात, मलाच समजावल्यासारखं म्हणाली, "नको रे. डाग पडतात."

तिला मला टोमणा मारायचा नव्हता. ते तिला खरंच तसं वाटत होतं. मी सांगितलं होतं आणि तिने ऐकलं होतं, बस.

मी उठलो. दोन्ही हात तेलाने माखले होते. उजवा हात भिंतीवर थाडकन मारला. "हा बघ, पडला डाग." एक पाऊल पुढे गेलो, आणखी एक मारला. तिच्या कमरेच्या उंचीला, थोडं वाकून, हातभर अंतराने. तेल संपलं की वाटीत हात बुडवायचा आणि पुन्हा. खाटेपासून माजघराच्या दारापर्यंत, तिथून देवघराच्या चौकटीपर्यंत. अकरा.

"अरे मेल्या, वेड लागलं काय तुला? अगो नलू, हा बघ काय करतोय! भिंतीचं वाटोळं केलंन!" आई हसत होती. पदर तोंडाला लावून, दवाखान्यानंतर पहिल्यांदाच हसत होती. नलू दारात येऊन उभी राहिली.

"आता घाबरायला काही उरलं नाही," मी म्हटलं. "चल."

आणि आई उठली. नलूने एका बाजूने कमरेला धरलं. आईने पहिल्या ठशावर आपला हात ठेवला. माझ्या ठशात तिचा सबंध हात मावला. एक पाऊल. मग दुसऱ्या ठशावर हात, दुसरं पाऊल. तिसरं. तिसऱ्यापाशी ती थांबली. आम्हाला वाटलं, दम खाते आहे. पण तिचे पाय थरथरायला लागले होते, आणि चेहरा, त्या सकाळी तांब्या हातातून सुटला तेव्हा झाला असेल, तसा झाला होता.

"बसव मला," ती म्हणाली. "आज इतकंच. उद्या जाईन पुढे."

उद्या ती उठली नाही. परवाही नाही. तारीख गेली. मग मी कॅलेंडरचं ते पान फाडलं.

भिंत

मंजूचं लग्न डिसेंबरात झालं. आईने ते खाटेवरून बघितलं. जानेवारीच्या थंडीत तिच्या छातीत कफ भरला. पडून राहिलेल्या माणसाचं असंच होतं, असं डॉक्टर म्हणाले. आठ दिवसांत गेली. हाड जुळलं होतं. शेवटच्या फोटोत ते अगदी नीट जुळलेलं दिसत होतं, आणि यावेळी मलाही दिसलं.

हे वाचून तुम्हाला धीर यावा असं काहीतरी शेवटी लिहावं, अशी माझी इच्छा होती. माझ्याकडे ते नाही. सांगण्यासारखं एवढंच आहे: म्हाताऱ्या माणसाला 'पडलीस का' असं विचारू नका, ते 'नाही, बसल्ये' म्हणेल. 'कशाला धरून चालतेस' असं विचारा. आणि ते जे काही दाखवेल, ती भिंत असो, चौकट असो, की तुमचा स्वतःचा खांदा असो, त्याला डाग पडू द्या.

मंजू माहेरी आली की घराला रंग द्यायचं म्हणते. रंगाऱ्याला एकदा बोलावलंही होतं. तो म्हणाला, तेलावर रंग धरत नाही, आधी गिलावा खरवडावा लागेल. मी त्याला चहा देऊन परत पाठवला. ठसे आता धूळ बसून काळपट झाले आहेत. नवीन माणूस आलं की विचारतं, "हे काय हो?" आणि नलू उठून आत जाते.

खाटेपासून देवघरापर्यंत अकरा ठसे आहेत. सगळे मोठे, सगळे उजव्या हाताचे, सगळे माझे. आईचे होते ते आम्ही दोघांनी पुसले. आणि त्या दुपारी तिने तीनदा भिंतीला हात लावला, पण तिचा हात कोरडा होता. त्याचा डाग पडला नाही.